पिवळा टॅग

हर्षलसाहेबांनी दोन कागद पुढे सरकवले, पण उज्वला गांगुर्डेचं लक्ष आधी गेलं ते बिस्किटांकडे. अठरा वर्षांत ऑफिसात बोलावून कुणी तिला बिस्किटं दिली नव्हती. आणि आज चक्क क्रीमची! म्हणजे बातमी वाईटच असणार.

“एक राजीनामा, एक नवा करार,” हर्षल म्हणाला. वयाने तिच्या थोरल्या लेकीएवढा, बोलायला गोड. “टेबल तेच, काम तेच. फक्त आता तुम्ही नोकर नाही मावशी, कंत्राटदार. स्वतःच्या मालकीण!”

“मग मालकिणीला सुट्टी कोण देणार?”

“तुमची तुम्हीच घ्यायची.”

“आणि ईएसआयचं कार्ड?”

हर्षलने बशी आणखी थोडी तिच्याकडे ढकलली. “ते कामगारांना असतं. पण बघू ना आपण काहीतरी. पाचपर्यंत सह्या करून आणा.”

उज्वला आपल्या तपासणीच्या टेबलाशी येऊन बसली. अंबडच्या या कारखान्यातला एकही सुटा भाग तिने मोजल्याशिवाय गेटाबाहेर जात नसे. आज मात्र एकच भाग तिने दोनदा मोजला. त्या विम्याच्या कार्डावर तिच्या नवऱ्याचं, यादवचं, डायलिसिस चालू होतं. दर बुधवारी आणि शनिवारी. आज सोमवार. कार्ड गेलं तर... याच्या पुढे मन जातच नव्हतं.

“मी तर केली बाई सही,” शेजारच्या टेबलावरची सिंधुबाई म्हणाली. ती मूळची सिन्नरकडची. “साहेब म्हणले, नाय केली तर उद्या हजेरीचं मशीन अंगठा घेणार नाय.”

“वाचलास का कागद?”

“चष्मा घरी राहिला ना!”

जेवणाच्या सुट्टीत यादवचा फोन आला. “जेवलीस?”

“जेवले.” डबा तसाच बंद होता.

“परवा सकाळची वेळ दिलीये गं. तू नको रजा टाकू, मी जाईन रिक्षाने.”

“बघू,” ती म्हणाली, आणि आपल्याही तोंडून तोच शब्द निघाला म्हणून चरकली.

साडेचारला तिने करार उघडला. ओळीखाली बोट धरून, मापांच्या नकाशाशी माल ताडून पाहावा तसा वाचला. कार्डाचं नाव नाही. सुट्टीचं नाही. साहेबांचं ते ‘बघू’सुद्धा कुठे नव्हतं.

टेबलावर तीन रंगांचे टॅग होते. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. पिवळा शंकेचा. पिवळा बांधला की कारण लिहायचं, आणि ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. तोवर तो माल मालकालाही हलवता येत नाही. एकदा खराब मालाची अख्खी गाडी परत आली, तेव्हा मोठ्या साहेबांनीच हा नियम भिंतीवर लावला होता.

तिने कागदांना भोक पाडलं, पिवळा टॅग बांधला आणि लिहिलं : ‘विम्याच्या कार्डाचा उल्लेख नाही. लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबवले. उ. गांगुर्डे.’

ऑफिसचा जिना चढून तिने कागद हर्षलपुढे ठेवले.

“मावशी, ही काय गंमत?”

“गंमत नाही साहेब. बोर्डावर लिहिलंय तसंच केलं.”

“उद्या अंगठा लागला नाही तर मला विचारू नका.”

दुसऱ्या दिवशी गेटावर तिने अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. तसा लोखंडाच्या कडा चाचपून रेषा झिजलेला तिचा अंगठा पहिल्या झटक्यात मशीनने कधीच घेतला नव्हता. पण रोज मागच्या बाया चिडवायच्या, “ढकल गं जोरात!” आज त्या नुसत्या दिव्याकडे बघत होत्या. उज्वलाने अंगठा ओढणीला पुसला, त्यावर फुंकर मारली आणि तिसऱ्यांदा टेकवला.

हिरवा.

तिच्या टेबलावर कागद पडले होते. टॅग कुणी सोडला नव्हता. तिच्या अक्षराखाली हर्षलने लिहिलं होतं, ‘वर विचारून कळवतो.’ म्हणजे ‘बघू’च. पण आता सहीनिशी. बुधवारपर्यंत तरी कार्ड जिवंत होतं. त्यापुढचं तिलाही ठाऊक नव्हतं.

सिंधुबाई हळूच जवळ आली. “केलेली सही थांबवता येती का गं?”

“माहीत नाही,” उज्वला म्हणाली आणि तिने एक पिवळा टॅग पुढे केला. “कारण मात्र तुझं तूच लिहायचं.”

सिंधुबाईने कनवटीतून डबी काढली. “आज आणलाय चष्मा.”