सोडतीच्या पिंपाची कुरकुर

मित्रांनो, न्यायालयाच्या कचेरीत खिडकीपाशी एक जुने, आडवे लाकडी पिंप दिसते ना, ते मी. बोलण्याची मला सवय नाही. त्यातून ही गोष्ट सांगताना तर मान वर होत नाही.

एका सुताराने मोडक्या दारांच्या फळ्यांतून मला घडवले. निवडणुकीत हरलेला उमेदवार निकालाविरुद्ध दाद मागायला आला, की त्याचा खटला कोणत्या न्यायाधीशांकडे जावा हे कोणी मर्जीने ठरवू नये, यासाठी माझा जन्म. प्रत्येक न्यायाधीशाच्या नावाचा बिल्ला माझ्या पोटात टाकायचा, दोन्ही पक्षांसमोर मला गरागरा फिरवायचे आणि एक बिल्ला काढायचा. माझे झाकण उघडले की भलेभले पुढारी श्वास रोखून धरत. तेव्हा मला जरा गर्वच होई.

पुढे माझी मूठ कुरकुरू लागली. थोरल्या न्यायाधीशांच्या कानाला ते खुपले. तेल आणायचे ठरले. कोणी आणायचे, ते मात्र ठरले नाही. मग कारकूनकाकांनी मला फिरवणेच सोडले. काका सज्जन गृहस्थ. बिल्ले टाकताना ते मान राखत: आधी थोरल्यांचा, मग त्यांच्या खालच्यांचा, शेवटी सर्वांत धाकट्या न्यायाधीशबाईंचा. तो सगळ्यांच्या वर पडे आणि काकांच्या हाती तोच लागे. निवडणुकीचे खटले एकामागून एक बाईंकडे जाऊ लागले. कोणाच्या मनात पाप नव्हते, असे मला वाटते. मला सारे कळत होते. पण पिंपाला तोंड असले तरी जीभ कुठे असते?

मग एक शिवणकाम करणारी बाई आली. थोड्या मतांनी हरली होती. मते पुन्हा मोजावीत, एवढेच तिचे मागणे. जिंकलेल्याचे वकील बाकावर बसून थट्टेने म्हणाले, की सोडत कसली, खटला धाकट्या बाईंकडेच जाणार. काकांनी हात घातला. बिल्ला बाईंचाच निघाला.

शिवणकामवाली वकिलांकडे पाहत राहिली.

"निकाल काय लागायचा तो लागू दे," ती हळूच म्हणाली. "पण साहेब, तुम्हाला आधीच कसं कळलं?"

वकिलांचे हसू मावळले. काका बिल्ला धरून तसेच उभे. आपला तळ फुटावा आणि सारे बिल्ले जमिनीवर सांडावेत, असे मला झाले.

न्यायाधीशबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी बिल्ले टाकण्याची रीत विचारून घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इतके खटले माझ्याकडे आले, आणि मी म्हटलं नशीबच तसं," त्या म्हणाल्या. "काका, तो बिल्ला परत आत टाका आणि फिरवा."

"आवाज होईल, बाई."

"होऊ दे की."

माझी कुरकुर साऱ्या इमारतीत घुमली. बाईंनी शिवणकामवालीलाच हात घालायला सांगितले. बिल्ला निघाला, तो पुन्हा धाकट्या बाईंचाच. तिने तो उलटसुलट पाहिला आणि काकांच्या हातात ठेवला.

"आता चालेल," ती म्हणाली.

मित्रांनो, तिच्या आधी आलेल्यांनी काहीच विचारले नव्हते. मनात शंका घेऊन ती माणसे मुकाट्याने पायऱ्या उतरली असतील. 'आता चालेल' म्हणण्याची संधी त्यांना मिळालीच नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेलाची बाटली अखेर आली आहे म्हणतात. थोडे कमीच घाला. माझी कुरकुर बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाऊ द्या.