तेवढं एक मत

सुलोचनाबाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि मोहाखाली देवाजीच्या बायकोच्या, पार्वताबाईच्या शेजारी बसून त्या मोहफुलं वेचायला लागल्या. मत मागायला आलेली बाई असं काही करील, हे देवाजीच्या ध्यानीमनीही नव्हतं. उमेदवार म्हणजे जीप, गळ्यात हार, दोन हात जोडणं आणि पुढच्या गावाची घाई, एवढंच त्याने आजवर पाहिलेलं. ही बाई सौंदडवरून ऑटोने आली होती आणि फाट्यावर उतरून तलावाच्या पाळीवरून भर उन्हात पायी चालत आली होती.

"लोकसभेले उभ्या आहात म्हणे," देवाजी म्हणाला.

"हो जी. किटली निशाणी आहे."

"पडाल."

"पडीन," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि मूठभर फुलं टोपलीत टाकली. "मले माहीत आहे."

देवाजीला हसू आलं. पडणार हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा उमेदवार त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

"मंग तुमाले मत देऊन फायदा काय? वायाच जाईन नं ते."

"तुमचं आजवर एखादं वाया गेलं का, भाऊ?"

"एकबी नाही."

हे मात्र खरं होतं. मोठे पक्ष दोन, आणि वारं कोणत्या बाजूचं आहे हे देवाजीला आधी कळायचं. तो सांगेल तिकडे सारं गाव जायचं. आपलं गाव कधी हरणाऱ्याच्या मागे गेलं नाही, याचा त्याला केवढा तोरा. पोरीच्या लग्नातसुद्धा त्याने व्याह्याला हे ऐकवून सोडलं होतं.

"मंग तलावाचं दार काऊन गळून राहिलं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

 तलावाचं पाणी वाटायचं काम देवाजीकडे होतं, बापानंतर ते त्याच्याकडेच आलं होतं. पाणी सोडायचं ते लाकडी दार कधीचं कुजलेलं. पावसाळ्यात काठोकाठ भरलेला तलाव दसऱ्यापर्यंत निम्मा वाहून जायचा. ऐन धान लोंबीत येताना खालच्या टोलीवर राहणाऱ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कोरड्या पडायच्या आणि टोलीवरची माणसं देवाजीच्या अंगणात येऊन गप्प बसायची. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. जिंकलेला प्रत्येक खासदार 'दार करून देतो' म्हणून गेला होता.

"घरच्या बैलाले कोणी भाव विचारते का, भाऊ?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "बाजारात उभा केला का मंग विचारते. तुमची मतं खुंट्याले बांधून आहेत. मी पडली तरी चालते. ती मतं सुटू शकतात, एवढं त्या दोन्ही पक्षाइले दिसलं पाहिजे."

"बोलाले बरं आहे," देवाजी म्हणाला आणि उगीच पाण्याकडे बघत राहिला.

त्या उठल्या तेव्हा पार्वताबाईने ओंजळभर मोहफुलं त्यांच्या पदरात घातली. या गावाची ही जुनी खोड. खळ्यावर आलेल्याला सूपभर धान, मोहाखाली आलेल्याला ओंजळभर फुलं. मग तो ओळखीचा असो की वाट चुकलेला. रिकाम्या हाताने कोणाला पाठवलं तर पुढच्या साली पीक रुसतं, असं म्हातारे सांगत. आता रुसण्यावर कोणाचा विश्वास राहिला नव्हता, हात मात्र आपोआप पुढे होत.

दोन दिवसांनी योगराज आला. हा त्या दोन मोठ्या पक्षांतल्या एकाचा तालुक्यातला माणूस, पांढरी गाडी, पांढरे कपडे. खाटेवर बसायच्या आधीच त्याने विचारलं, "काकाजी, गाव आपलंच नं?"

"तुमचंच आहे," देवाजीने शब्द दिला. संध्याकाळी पारावर चार माणसांना सांगितलं, माना हलल्या, विषय संपला.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे देवाजी उभा राहिला आणि त्याचं बोट हवेतच थांबलं. योगराजला गावाची सगळी मतं जाणारच होती. शब्द पाळला जाणारच होता. पण बाई मोहाखाली येऊन बसली, मत मागून गेली, आणि आपल्या बूथवर तिच्या नावापुढे भोपळा? गावाची काही रीत आहे की नाही? तेवढं एक माझं देऊन टाकू, एकाने काय होते. त्याने किटली दाबली आणि शेजारच्याच्या शेतातली काकडी तोडल्यासारखा इकडेतिकडे बघत बाहेर पडला.

"कोणाले देल्लं?" त्याने घरी जाताना पार्वताबाईला विचारलं.

"तुमी सांगतलं त्यालेच," ती म्हणाली. "अन् तुमी?"

"मी कायले दुसऱ्याले देऊ?"

पुढचे दिवस मात्र त्याला गोड लागले नाहीत. बूथवार आकडे निघतात हे त्याला नंतर आठवलं. किटलीपुढे एक आकडा दिसणार, योगराज विचारणार, हा दगाबाज कोण? उभ्या जन्मात शब्द मोडला नव्हता आणि म्हातारपणी एका बाईला दिलेल्या ओंजळभर फुलांपायी नाक कापलं जायची पाळी आली होती.

निकालाच्या दिवशी सारं गाव पानठेल्यासमोर जमलं. देवाजीचा भाचा चंद्रकुमार योगराजच्या पक्षाचा एजंट म्हणून मतमोजणीला बसला होता. दुपारी त्याचा फोन आला. देवाजीने स्पीकर लावला.

"मामाजी, आपला माणूस जिंकला," चंद्रकुमार म्हणाला. "किटलीवाली बाई लय मागं, तिसरी."

पानठेल्यावर हुश्श झालं.

"पण आपल्या गावात काय झालं जी? आपल्या बूथवर बाई पयली आहे. दोन्ही पक्ष मिळून तिच्या मागं."

 एकदम सगळेच बोलायला लागले. मी नाही देल्लं, आमच्या घरचं तर एकबी नाही, पोराची शपथ. टोलीवरचा मनिराम तर इतक्या मनापासून नाही म्हणाला की देवाजीला त्याचे कान लाल झालेले दिसले. देवाजीने एकेक चेहरा पाहिला आणि त्याला कळून चुकलं. जो तो पुठ्ठ्यामागे जाऊन तेवढं एक आपलं देऊन आला होता. त्याच्या पोटातून हसू उसळलं. ते दाबता दाबता त्याला ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या जिवाला लागलं.

पाऊस पडायच्या आधीच, त्याच आठवड्यात, हरलेल्या दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या आमदाराने इंजिनियर पाठवला. तो टेप घेऊन तलावाच्या दारापाशी उतरला होता, तेवढ्यात योगराजची पांढरी गाडी देवाजीच्या अंगणात शिरली. योगराजने खाटेवर बसता बसता पाळीकडे पाहिलं.

"हा कोणाचा माणूस?"

"त्याइचा," देवाजी म्हणाला. "दार मोजून राहिला."

पार्वताबाईने चहा आणून दिला. योगराजने कप हातात धरला, पण प्यायचं त्याला सुचेना.

"काकाजी, झालं ते झालं. दार आमीच करून देऊ, खासदारसाहेबाइले आजच सांगतो. पण पुढच्या खेपेले गाव आपलंच, एवढा शब्द द्या."

देवाजीने आत पाहिलं. पार्वताबाई पाठमोरी होती आणि धुतलेलंच पातेलं पुन्हा घासत होती.

"गावाचं राहू दे, योगराज," तो म्हणाला. "मले तं माझ्या घरचंच माहीत नाही."

योगराजने चहा तसाच खाली ठेवला आणि तलावाच्या दाराकडे झपाझप चालू लागला.