सोड्यांचा डबा

पैज आमच्या दारापुढच्या खळ्यात लागली, चहा पिता पिता. हरणाऱ्याने मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या लिलावात पाटीत बसायचं आणि स्वतःचा लिलाव करून घ्यायचा. जो घेईल त्याच्याकडे एक दिवस राबायचं.

त्याचं असं झालं. समोरच्या दमयंतीताईंचा मिरजोळ्यात आंब्याच्या पल्पचा कारखाना. तिथले कॉम्प्युटर आमच्या शेजारचा केतन सांभाळतो. मुंबईला कंटाळून परत आलेला पोरगा. ताई त्याला म्हणाल्या, "मुंबईची एक कंपनी विचारतेय, सगळं आम्हीच बघू म्हणून. सीझनमध्ये सर्व्हर गेला तर माझा माल बंदरात अडकेल रे. कुठल्या डब्यात कुठल्या बागेचा आंबा, सगळं त्यात."

"गेला तर परत उभा करीन, ताई. कोऱ्या मशीनवर, ज्यात विंडोजपण नाही. मी नुसत्या फायली नाही ठेवत, अख्ख्या सर्व्हरची कॉपी घेतो."

"करून बघितलंयस कधी?"

केतन कपात बघायला लागला.

माझा बर्फाचा धंदा, पण खाज भलतीकडेच. मी म्हटलं, "बघूया की. रविवारी सर्व्हर मी घालवतो. संध्याकाळच्या लिलावाआधी उभा केलास तर पाटीत मी. नायतर तू."

"चालेल," ताई म्हणाल्या. "उभा राहिला तर काम केतनकडेच. नाही राहिला तर मुंबईवाल्यांना फोन. आणि आपत्ती म्हणून धाकूशेटसारखा माणूस शोधून मिळायचा नाही."

केतन हसला नाही. मुंबईवाले इकडे आले की ह्याला परत तिकडे जायला लागणार, हे त्याला कळत होतं.

रविवारी मी ताईंची चावी घेऊन कारखान्यात गेलो. सर्व्हर उचलला. बाजूची बॅकअपची हार्ड डिस्क उचलली. ड्रॉवरमधला पेन ड्राईव्ह घेतला, भिंतीवर चिकटवलेला 'सर्व्हर गेला तर' हा कागदसुद्धा काढून घेतला. सगळं गोधडीत गुंडाळून ताईंच्या गॅरेजात ठेवलं आणि परत कारखान्यात येऊन खुर्ची टाकून केतनची वाट बघत बसलो.

तो आला. रिकामं टेबल बघितलं, ड्रॉवर बघितला, भिंत बघितली.

"काका, जागा झाडून घेतलीत ना?"

"पोछापण मारलाय."

त्याने स्कूटर काढली. मी टेम्पो घेऊन मागे. आणि हा बाबा थांबला कुठे, तर माझ्याच दारात.

"काकी, सोडे द्या."

मैनाने, म्हणजे माझ्या बायकोने, सुक्या कोलंबीचा मोठा डबा आणला. कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवीत घट्ट बांधलेली हार्ड डिस्क बाहेर काढली. तिला रबराने लावलेला पेन ड्राईव्ह आणि तसलाच एक कागद.

"हे काय?" मी विचारलं.

"त्याचं सामान," मैना म्हणाली. "दर शनिवारी नवी ठेवतो, जुनी नेतो."

दर शनिवारी हा पिशवी घेऊन यायचा. मी त्याला चिडवायचो, सोडे खाऊन बोटीचा वास येतो म्हणून.

"कारखान्याला आग लागली तर तिथली कॉपीपण जळणार," केतन म्हणाला. "एक लांब हवी. ह्या डब्यात चोर काय हात घालायचा नाही."

"चोर सोड, ह्यांनीपण कधी घातला नाही," मैना म्हणाली. "आयतं ताटात लागतं."

पण पैज अजून संपली नव्हती. कारखान्यात परतलो तर ताईपण येऊन बसलेल्या. केतनने एक जुनं मशीन पुसून कोरं केलं, पेन ड्राईव्ह लावला, डिस्क जोडली. कॉपी उतरायला बराच वेळ गेला. मग मशीन चालू केलं, तर स्क्रीन काळी. परत केलं. काळीच. एवढ्यात जेटीवरून लिलाववाल्या हरिश्चंद्रचा फोन, "धाकूशेट, होड्या दिसायला लागल्या. पाटीत कोण बसतंय?"

केतनच्या कानामागून घाम ओघळत होता. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण हरलो तर बरं.

त्याने कागद वाचला, एक सेटिंग बदललं, पेनने कागदावर तेवढं लिहून ठेवलं. स्क्रीन उजळली.

"केळशीच्या बागेचा गेल्या सीझनचा पहिला लॉट काढ," ताई म्हणाल्या.

निघाला. बाग, तारीख, डबे, सगळं.

"कालचं?"

"कालचं नाही, ताई. शुक्रवारपर्यंतचं आहे. कालचं परत भरायला लागेल."

"आता चालेल. सीझनमध्ये मात्र रोज कॉपी लांब गेली पाहिजे." ताईंनी मोबाईल काढला आणि मुंबईवाल्यांना नको म्हणून मेसेज केला. केतन मटकन खुर्चीत बसला.

जेटीवर मी सुरमई आणि बांगड्यांच्या मध्ये पाटीत बसलो. पँट खालून भिजली. हरिश्चंद्र ओरडला, "बोला, धाकूशेट! ताजा आहे, जरासा जून."

"बर्फ घाला," मैना म्हणाली. "टिकायचा नाही."

कोळणी पदर तोंडाला लावून हसत होत्या, बोली कोणीच लावीना. शेवटी ताईंनी पल्पचा एक डबा लावला.

"सोड्यांचा डबा," मागून केतन म्हणाला.

"अरे, तो माझ्याच घरातला," मी म्हटलं.

"बांगड्याने मधे बोलू नये," हरिश्चंद्र म्हणाला आणि मला केतनच्या नावावर सोडून पुढच्या पाटीकडे वळला.

केतनने हात देऊन मला उठवलं. "उद्या सकाळी लवकर या, काका. सर्व्हर जिथून उचललात तिथे परत ठेवायचाय. आणि काकींनी आज कॉपीचा डबा बदललाय, शोधत बसू नका."