मागच्या सीटवरची जागा

“दार लावून बघा ना काका, नुसता आवाज ऐका,” शोरूममधली मुलगी म्हणाली.

कप्ताननं दार लावलं. आवाज आला तो दाराचा नव्हताच; एखाद्या विद्वानानं जाडजूड ग्रंथ मिटावा तसा होता. तो आवाज जणू आपणच काढला अशा अभिमानानं मुलीनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान डोलावली. कप्ताननं दार पुन्हा उघडून पुन्हा लावलं. सव्वीस वर्षं दुसऱ्यासाठी दारं उघडलेल्या माणसाचं एकदा लावून भागत नाही.

कप्तान हे त्याचं नाव नव्हे. ड्रायव्हरच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तो पांढऱ्या स्वच्छ गणवेशात हजर झाला, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, “जहाज कुठे लावलंय?” तेव्हापासून साहेब, त्यांची बायको म्हणजे वहिनी, घरातली सगळी त्याला कप्तान म्हणायची.

साहेब जाऊन आठ महिने झाले होते. त्यांची लांबलचक गाडी विकायची ठरली, कारण एकट्या वहिनींना तिच्यातून बाजारात जाताना अख्खं घर बरोबर घेऊन निघाल्यासारखं वाटायचं. आता छोटी गाडी हवी होती. वहिनींनी तीन निवडल्या. पहिली साहेबांच्या गाडीच्याच कंपनीची सगळ्यात धाकटी सेडान. बोनेटवरचं चिन्ह तेच, बाकी सगळं आखूड. दुसरी तिच्याच तोलाच्या दुसऱ्या बड्या कंपनीची. आणि तिसरी एका साध्यासुध्या कंपनीची सगळ्यात थोरली, किंमत जवळपास तीच. थोडक्यात, श्रीमंत घरातलं शेंडेफळ घ्यायचं की साध्या घरातला कर्ता मुलगा, असा तो पेच होता.

“मला यातलं काही कळत नाही,” वहिनी म्हणाल्या होत्या. “तुम्ही तिन्ही तोलून बघा. तुम्ही सांगाल ती घ्यायची.”

हे कप्ताननं घरी सांगितलं, तेव्हा बायको चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

“तुम्ही सांगाल ती? मग विचार कसला करताय? थोरली सांगा. मागे ऐसपैस जागा असली की त्या मागे बसतील. मागे कुणी बसलं तरच पुढे कुणी लागतो.”

“गाड्या अशा नाही तोलत.”

“मग कशा तोलतात? साठी झाली तुमची. या वयात नवे गुडघे एक वेळ मिळतात, नवा साहेब मिळत नाही.”

कप्ताननं चहाचा कप उचलला. बायकोचं म्हणणं खरं असलं की तो चहा जरा मोठ्यानं प्यायचा. त्या दिवशी शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल.

दुसरी गाडी पहिल्याच फेरीत बाद झाली. तिला बटणंच नव्हती. सगळा कारभार एका काचेवर. एसी कमी करायचा तर तीन पानं उलटावी लागायची. “म्हणजे थंडी वाजली की आधी वाचत बसायचं?” असं विचारून वहिनी खाली उतरल्या.

तिसरी, ती थोरली, मात्र मनानं मोठी निघाली. मागे पाय पसरा, आडवे व्हा, छपराची काच सरकवून आकाश बघा. जे मागाल ते दिलेलं. फक्त वळणावर ती आधी विचार करायची आणि मग वळायची. आणि खड्डा आला की सगळ्यांना कळवायची. कप्तानची गाडी तपासायची एकच रीत होती. साहेबांना गाडीत झोप लागायची, आणि ती न मोडता घर आलं, की गाडी चांगली आणि दिवसही चांगला. या गाडीत साहेब दोनदा जागे झाले असते, असं त्यानं मनाशी नोंदवलं.

आज पहिलीची, त्या शेंडेफळाची, पाळी होती. कप्ताननं ती शहरभर फिरवून आणली. मागे वहिनी, शेजारी शोरूमवाली मुलगी. परत आल्यावर वहिनी हसतच उतरल्या.

“जागा आहे की मागे! लोक उगाच नावं ठेवतात. माझे पाय कुठेसुद्धा लागले नाहीत.”

“मी म्हटलं नव्हतं मॅडम?” मुलगी म्हणाली. ती काहीच म्हणाली नव्हती, पण आता म्हणाली होती.

कप्तान उतरला, आणि उतरता उतरता त्याचं लक्ष आपल्या सीटकडे गेलं. ती पार पुढे, स्टेअरिंगला जवळजवळ टेकलेली. त्यानंच सरकवली होती. कधी, ते त्याला आठवेना. सव्वीस वर्षं गाडीत बसलं की हात आधी खाली जायचा, सीट पुढे ओढायचा आणि मगच किल्ली लावायचा. साहेब उंच होते. त्यांचे पाय मोकळे राहावेत म्हणून कप्तान घडी घातलेल्या छत्रीसारखा बसायचा. पुढे त्याला वाटायला लागलं, आपण आहोतच एवढे.

तो गप्प राहिला असता तर सगळं जुळत होतं. वहिनींना साहेबांचं चिन्ह मिळत होतं, मुलीला गिऱ्हाईक, त्याला नोकरी. एक माप तेवढं खोटं पडत होतं.

“वहिनी,” तो म्हणाला, “ती जागा गाडीची नाही. माझी आहे.”

“म्हणजे?”

त्यानं सीट मागे सरकवली, पाय सरळ करून बसला आणि म्हणाला, “आता बसा बरं मागे.”

वहिनी बसल्या. म्हणजे बसायला गेल्या. गुडघे पुढच्या सीटला भिडले.

“अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं तुम्ही...”

“ती गाडी मोठी होती. पण साहेबांचे पाय तिच्याहून मोठे.”

वहिनींनी गुडघे कसेबसे तिरके केले. मग म्हणाल्या, “म्हणजे थोरलीच घ्यावी म्हणता?”

हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं.

“मागे बसणाऱ्याला थोरली,” कप्तान म्हणाला.

“आणि चालवणाऱ्याला?”

कप्ताननं आरशात पाहिलं. वहिनी आरशातून त्याच्याकडेच बघत होत्या.

“साहेबांनी मला तीन दिवस शिकवली होती,” त्या म्हणाल्या. “चौथ्या दिवशी म्हणाले, राहू दे, गिअर खराब होईल. लायसन्स मात्र मी दर वेळी नवं करून घेते. त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगा कप्तान, चालवायला कुठली?”

मुलीला एकाएकी फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

ही गाडी नव्या हाताला जरा अवखळ आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. बायकोनं ते ऐकून जेवायला वाढताना भाजी जास्त वाढली असती. कप्तानचे हात अजून स्टेअरिंगवर होते. आज पहिल्यांदाच त्याचे पाय मोकळे होते, आणि कसं कोण जाणे, त्यामुळे खोटं बोलायला अडचण होत होती.

“ही,” तो म्हणाला. “कंपनीनं सगळं लक्ष पुढच्या दोन सीटवर दिलंय. मागचं नुसतं दाखवायला. नजर वळवली की वळते, पाय लावला की थांबते. ही चालवणाऱ्याची गाडी आहे, वहिनी. हिला ड्रायव्हर ठेवला तर गाडी वाया जाईल.”

“आणि ड्रायव्हर?”

“तो वॉरंटीत येत नाही.”

वहिनी हसल्या नाहीत.

“एक साधं खोटं नाही बोलता आलं?” घरी बायकोनं विचारलं.

“आलं असतं. गाडीच चांगली निघाली, त्याला मी काय करू?”

बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पांढरा गणवेश धुतला, इस्त्री केला आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवला.

शेंडेफळ घरी आलं, आणि महिनाभर कप्ताननं वहिनींना ते चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून तो पायाखालच्या गालिच्यावर ब्रेक दाबायचा. पहिल्या आठवड्यात गालिचा फाटेल असं वाटलं, चौथ्या आठवड्यात त्याचा पाय क्वचितच हलला. वहिनी हळू चालवायच्या, पण ओठ मिटून, हट्टानं.

शेवटच्या दिवशी त्याला घरी सोडायला त्याच आल्या. गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. दोघांनाही काय बोलावं ते सुचेना, म्हणून दोघं गाडीबद्दल बोलली.

“आरसे बघून निघा, वहिनी.”

“बघितले.”

“तिन्ही?”

“तिन्ही. जा आता तुम्ही. जेवण थांबलं असेल.”

गाडी निघाली. वळायचा कोपरा अजून बराच लांब होता, आणि वहिनींनी उजवा इंडिकेटर आत्ताच दिला. इतक्या लांबून देऊ नये, मागचा गोंधळतो, हे त्यानं निदान चार वेळा सांगितलं होतं. हाक मारायला तो दोन पावलं पुढे गेला, आणखी दोन गेला. दिवा लुकलुकत रस्ताभर चालला. एक सायकलवाला खरंच गोंधळला. मग कोपऱ्याशी गाडी हळू झाली, समोरून येणारा ट्रक जाईपर्यंत थांबली, आणि उजवीकडेच वळली.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, बराच वेळ. आपण रस्त्याच्या मधोमध उभे आहोत हे कप्तानच्या लक्षात आलं, आणि तो बाजूला झाला.