माळकरी कासव

शहाऐंशी साली परभणीत त्यांच्या गल्लीत नळ आला आणि व्यंकटरावांनी लगोलग परसातला आड बुजवायला काढला. आडात कासव होतं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्यांच्या वडिलांनी येलदरीहून आणून सोडलेलं. घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, मासा-मटण वर्ज्य. तेव्हा आमचं कासवही माळकरी, असं व्यंकटराव पाहुण्यांना छातीठोक सांगत. बावीस वर्षं ते त्यांच्या बायकोच्या, सगुणाबाईंच्या हातची भाकर खाऊन जगलं होतं. घागर पाण्यात बुडाल्याचा आवाज झाला की वर यायचं.

सगुणाबाईंनी ते पाटीत घालून वर काढवलं आणि गल्लीमागच्या ओढ्यात सोडलं. सोडलं खरं, पण जीव थाऱ्यावर राहीना. आयतं खाऊन वाढलेलं जनावर ते! उपाशी मेलं तर पाप आपल्याच माथी.

मग रोज सकाळी भाकर आणि घागर घेऊन त्या ओढ्यावर जाऊ लागल्या. घागर बुडवायची, ओतून द्यायची, पुन्हा बुडवायची. धुणं धुणारी छबूबाई हसून हसून बेजार.

"काकू, घरी नळ आलाय न्हवं? मंग हितलं घाण पाणी कशाला भरायलाव?"

"पाणी कुनाला पायजे? कासवाला जेवायला बोलवायलेय."

दगडांवर ऊन खात बसलेली चार-दोन कासवं दिसत. पण बादली लागून पाठीवर चीर पडलेलं त्यांचं कासव काही दिसेना. घरी व्यंकटराव रोज पेपरातून डोकं वर न काढता विचारत, "खाल्लं का?" सगुणाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आड बुजवताना सुचलं नाही, आणि आता चौकशा!

पंधराव्या दिवशी छबूबाईच ओरडली, "काकू, ते बगा! चीर हाय पाठीवर!"

तेच होतं. तोंडात चांगला वीतभर मासा होता आणि पुढच्या पायांनी ते तो टराटरा फाडत होतं. शेजारी पडलेल्या भाकरीकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

सगुणाबाई तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. इतकं हलकं वाटलं की उरलेली भाकर त्यांनी छबूबाईबरोबर तिथंच वाटून खाल्ली.

घरी व्यंकटराव दारातच उभे होते. "खाल्लं का?"

"खाल्लं. पन भाकर न्हाई, मासा. बाटलं ओ तुमचं कासव."

व्यंकटराव हळूच म्हणाले, "पोट भरलं का त्याचं?"

"लय."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवताना पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी दुसरी भाकर मागून घेतली.