निळी जाळी

धाकट्या बहिणीचा नवरा डोंगरात पाय मोडून पडला होता आणि मी नकाशांच्या खोलीत टेबलाभोवती घिरट्या घालत होते. बसवतच नव्हतं. तो मोजणीदार. वायरलेसवर त्याने एवढंच सांगितलं, "पट्ट्याची हद्द ओलांडून पश्चिमेला आलोय, घळीत पडलोय," आणि नकाशावरच्या जाळीचे आकडे. मग बॅटरीने मान टाकली.

त्याला शोधायला उडालेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला हवे अक्षांश-रेखांश. आमच्याकडे नकाशांसाठी मुलूख उभ्या पट्ट्यांत वाटलेला आणि प्रत्येक पट्ट्याची आकड्यांची जाळी वेगळी. हद्दीजवळच्या नकाशावर दोन्ही छापतात, पश्चिमेची काळी, पूर्वेची निळी. आकडे तेच, पण कुठल्या जाळीत वाचले यावर जागा बदलते. माणूस पश्चिमेला, म्हणून मी काळी धरली आणि हिशेब करून दिला.

"खाली सपाट माळ आहे. चिटपाखरू नाही," वैमानिक म्हणाला.

धाकटी दारात उभी होती. "ताई, तुझं काही चुकलं तर नाही ना?"

"गणित बरोबर आहे!" मी खेकसले. तिच्यावर कशाला खेकसायचं? पण भीतीने मला काही सुधरत नव्हतं.

माळावर घळ कुठून येणार? पुन्हा नकाशावर वाकले तेव्हा ट्यूब पेटली. त्याच्या तुकडीचा तळ पूर्वेला! मोजणीदार हद्द ओलांडली तरी तळाचीच जाळी वाचत राहतात, रोजच्या नोंदींत दोन-दोन हिशेब नकोत म्हणून. तो पडला तिथली जाळी मी धरली होती, आणि तो निघाला तिथली वाचत होता.

"निळी!" मी ओरडले.

वायरलेसपाशी बसलेल्या आमच्या साहेबांनी चष्मा काढला. "इंधन एकाच फेरीपुरतं उरलंय. ऊनही उतरलंय. खात्री आहे?"

खात्री कसली डोंबलाची! "आहे," म्हटलं आणि नवे आकडे दिले.

मग नुसती खरखर. धाकटीने माझा दंड इतका घट्ट धरला की हात बधिर झाला.

"घळ दिसली. माणूस दिसतोय. हलत नाहीये."

धाकटीने माइक ओढून घेतला. "झोपला असेल! कुठेही झोपतो तो. उठवा त्याला!"

तिला आवरायची कुणाची हिंमत झाली नाही. तिकडे दोर सोडून माणूस खाली उतरवत होते, इकडे आम्ही खरखर ऐकत होतो.

"उठला," शेवटी आवाज आला. "पायाला हात लावू देत नाहीये. शिव्या घालतोय."

"घालू दे," धाकटी म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागली.