जाळीची सभा

चैतन्य शार्कने गेला, हे जव्हारात कोणाच्या पचनी पडेना. साप चावून माणूस जातो, घाटात गाडी कोसळून जातो, हे गावाला कळतं. पण मासा? समाचाराला आलेल्या शेजारच्या रुचिराने न राहवून विचारलंच, "म्हणजे मुशीच ना काकू? आपल्या बाजारात येते ती?"

विद्युल्लताबाईंनी नुसती होकारार्थी मान हलवली. त्यांची सगळी नोकरी जव्हारच्या पोस्टात झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मुलगा चैतन्य ऑस्ट्रेलियात समुद्रकाठच्या एका गावी इंजिनिअर, सून अवंती तिथेच नर्स. एका सकाळी तो फळी घेऊन लाटांवर खेळायला गेला आणि बाहेर आणेपर्यंत रक्त फार गेलं होतं. अंत्यसंस्कार तिकडेच झाले. यांनी ते फोनवर पाहिले.

दिवाळीनंतर अवंतीचा फोन आला. "आई, आमच्याकडे नगरपालिकेची सभा आहे. डिसेंबरात इकडे उन्हाळा सुरू व्हायच्या आधी शार्क अडवायला किनाऱ्याला जाळी लावायची की नाही, त्यावर. तुम्ही व्हिडिओवर बोलाल? जाळी हवी, एवढंच म्हणा."

"तू बोलणार आहेस ना?"

"मी बोलेनच. पण आईचं लोक ऐकतात."

विद्युल्लताबाई 'बरं' म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना घास गोड लागेना. चैतन्यच एकदा फोनवर तावातावाने सांगत होता, की या जाळ्यांत कासवं आणि डॉल्फिन अडकून मरतात, आणि शार्क तर बाजूने वळसा घालून येतोच. त्या तेव्हा मेथी निवडत हं हं करत होत्या. अवंतीलाही त्याचं मत ठाऊक असणारच. पण तिने ते काढलं नाही, आणि यांनीही नाही. घरात दुसरं होतं कोण, ज्याला विचारावं?

सभेच्या दिवशी मोखाड्याहून एसटीने लक्ष्मणभाऊजी आले. धाकटे दीर, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते लॅपटॉपसमोर ताठ बसले.

"वहिनी, यात विचार कसला करायचा? जाळी हवीच. ठणकावून सांगा."

तिकडे संध्याकाळ होती, इकडे भर दुपार. पडद्यावर एक मोठं दालन आणि खुर्च्यांवर माणसं. हॉटेलवाला म्हणाला, शार्कची बातमी येत राहिली तर उन्हाळ्यात कोणी फिरकणार नाही. एक तरुण म्हणाला, ड्रोनने नजर ठेवा, जाळीने फक्त मनाचं समाधान होतं. मग अवंती उठली. "माझा नवरा रोज त्याच पाण्यात जायचा," एवढं बोलून ती थांबली, आणि मग एका दमात जाळी मागून खाली बसली. लक्ष्मणभाऊजी हळू आवाजात सगळं मराठीत सांगत होते.

विद्युल्लताबाईंचं नाव पुकारलं.

"भाऊजी, जसं बोलेन तसंच सांगा हं," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाला जाळी नको होती. माझ्या सुनेला हवी आहे. मी कोणाला खोटं पाडू? तुम्हाला काय करायचं ते करा. मला एकच विचारायचंय. त्या दिवशी त्याच्याजवळ कोण होतं?"

लक्ष्मणभाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. मग चष्मा सारखा करून त्यांनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

दालनात मागच्या रांगेतली एक म्हातारी बाई उभी राहिली.

"मी होते," ती म्हणाली. "कुत्र्याला फिरवत होते. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो बोलत होता. आधी इंग्रजीत, थंडी वाजतेय म्हणाला. मग तुमच्या भाषेत. बराच वेळ, कोणाला काही समजावून सांगावं तसा. मी हो, हो म्हणत राहिले. मला त्यातलं काही कळलं नाही. माफ करा."

"एखादा शब्द?" विद्युल्लताबाईंनी विचारलं. "एखादा तरी?"

बाईने आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण मग तिने नकारार्थी मान हलवली.

विद्युल्लताबाईंनी पडद्याला हात जोडले. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

लक्ष्मणभाऊजी जेवले नाहीत. ताटावरून उठून म्हणाले, "येतो वहिनी. मोखाड्याची गाडी चुकेल." त्यांना वहिनींसमोर बसवत नव्हतं, हे विद्युल्लताबाईंना कळलं. त्यांनी आग्रह केला नाही.

पुढे बरेच दिवस अवंतीचा फोन नव्हता. आला तेव्हा ती सरळच म्हणाली, "जाळी लावायचं ठरलं. या उन्हाळ्यापुरती."

"बरं झालं."

"तुम्ही माझ्या बाजूने बोलला नाहीत, आई."

"नाही बोलले."

 अवंतीचा आवाज उतरला. "त्या बाईने मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मी ड्यूटीवर होते. पाच मिनिटांवर. मला तरी कळलं असतं ना, तो काय म्हणत होता?"

"हो गं. तुला कळलं असतं."

"काय बोलत असेल हो?"

विद्युल्लताबाईंना काहीतरी गोड रचून सांगता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग म्हणाल्या, "मला नाही माहीत, अवंती."

फोन दोघींपैकी कोणीच ठेवला नाही. पलीकडून घरघर ऐकू येत होती. ती समुद्राची होती की नुसत्या पंख्याची, हे विद्युल्लताबाईंना ओळखता येईना.